तरोटा खाणारा बैल

तरोटा कोणतंच जनावर खात नाही, हे आमच्या गावात कोणाला शिकवावं लागत नव्हतं. पाऊस लागून आठ-पंधरा दिवस झाले की तो आपोआप निघायचा. रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, पडक्या भिंतीच्या बुडाशी. आखरावर, म्हणजे गावची सारी गुरं सकाळी जिथं गोळा करून मग चरायला नेत त्या मोकळ्या जागेवर, तर असा दाट की पाय ठेवायला जागा नसायची. त्याच आखरावर गावभरची गुरं उपाशी पोटी उभी असत. बाजूचं गवत मुळापर्यंत खरवडून खातील, पण तरोटा तसाच हिरवागार. म्हैस हुंगून नाक फेंदारायची. गाय तर हुंगायचीही नाही. बकरी माणसाचं धोतर सोडत नाही, तीसुद्धा अगदीच काही नसलं तर कोवळा शेंडा तोडून पाहायची आणि पुढच्या झुडपाकडे जायची. जंगलातून रोही यायचे, आमचं धान तुडवून खाऊन जायचे, पण शेताच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा तरोटा जसाच्या तसा. त्याचं पान चोळलं की असा उग्र वास सुटतो की हात धुतला तरी जात नाही. पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या मात्र त्याच्यावरच जगायच्या, एकेका पानाची जाळी करून ठेवायच्या. म्हणजे त्याला खाणारे दोघंच. अळ्या आणि आम्ही.

आमचं खाणं पहिल्या पंधरवड्यातलं. तेव्हा तो बोटभर असतो, पानं मऊ असतात. मोठा झाला, कमरेला लागला, पिवळी फुलं धरली की माणसाच्याही कामाचा राहत नाही. माय सकाळी सडा टाकून झाला की ओटीत खुडून आणायची. पाण्यात उकळायची, मुठीत दाबून त्याचं हिरवं पाणी काढून टाकायची, दोनदा. लाखोळीची डाळ भिजवलेली असायची. जवसाचं तेल चुलीवर तापलं, त्यात लसूण आणि वाळल्या मिरच्या पडल्या, की शेजारच्या सपरीतून, म्हणजे पडवीतून, सीताराम काकाचा आवाज यायचा, "तरोटा होय का वं वहिनी?" माय म्हणायची, "होय जी, वाटी पाठवा." त्या वाटीला कधी खंड पडला नाही. माझा बा ताट पुढे ओढायचा, गरम भातावर ती भाजी घ्यायचा आणि म्हणायचा, "चला, पावसाळा लागला." आभाळातून पाणी पडलं तेव्हा त्याचा पावसाळा लागत नव्हता. ताटात तरोटा आला तेव्हा लागायचा.

माझी नात भंडाऱ्याला कॉलेजात शिकते. परवा ती मोबाइलवर वाचून मला सांगत होती, "आजोबा, हा मुळात कुठला त्याचं नक्की नाही. कोणी म्हणतात आपल्याच इकडला, कोणी म्हणतात याचा सख्खा भाऊ समुद्रापलीकडून आला आणि दोघं आता ओळखू येत नाहीत." असेल. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, समुद्र मी पाहिला नाही. मी पाहिलं ते एवढंच की तरोटा दाट जंगलात नसतो, धानाच्या उभ्या पाण्यात नसतो. जिथं माणसाचा पाय पडतो आणि गुरांचं शेण पडतं तिथं तो असतो. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आखर होता तिथं आता मासोळीची जाळी पडतात. सरकारनं आम्हाला इथं मुरमाड माळावर प्लॉट दिले, तेव्हा पहिल्या साली इथं गवताची काडी नव्हती. माझी बायको दारात बसून म्हणायची, "इथं तरोटाही उगवत नाही, मानूस कसा जगंन?" तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी तिनं मला हाक मारून बाहेर बोलावलं. दगडाच्या पायरीला लागून चार पानं निघाली होती. बैलाच्या खुराला चिकटून आला की गाडीच्या चाकाला, कोणास ठाऊक. ती अशी हसली की नातू झाला तेव्हाही एवढी हसली नव्हती. ती जाऊन दोन पावसाळे झाले. तरोटा येतो. आता मीच खुडतो, मीच शिजवतो, आणि माझ्यानं पाणी नीट पिळून निघत नाही म्हणून तो कडू लागतो.

पण मला त्या साली काय झालं ते सांगायचं आहे, कारण ते माझ्याशिवाय सांगणारं कोणी उरलं नाही. मी तेव्हा सतरा-अठराचा असेन, मिसरूड फुटलेली. घरात बा, माय आणि मी. मातीचं घर, वर कवेलू, मागं सांदवाडी, म्हणजे परस, तिच्या कडेला गुरांचा कोठा. कोठ्यात एक गाय आणि बैलाची एकच जोडी. मुंग्या काळसर होता, कबऱ्या पांढऱ्यावर तांबडे ठिपके असलेला. कबऱ्या आमच्याच गायीचा. तो वासरू होता तेव्हा त्याची माय लाथ मारायची, म्हणून मी त्याला बोटावर दूध लावून पाजलेला. त्यामुळं तो माझ्या हाताला लागलेला होता. मी भाताचा गोळा दिला तर खायचा, आंब्याची कोय दिली तर चोखायचा, एकदा बिडीचं बंडलही चावलं. पहाटे त्याच्या गळ्यातली लाकडी घाटी ठक ठक वाजायची, मग मायच्या बांगड्या, मग जातं. त्या तीन आवाजांवर माझी झोप उघडायची. आज माझ्या घरात गजराचं घड्याळ आहे. मी त्याच्या आधी उठून बसलेला असतो.

त्या साली सीताराम काकाकडे धानाच्या रोवण्याला हात कमी पडले म्हणून त्याची भाची आली होती, अड्याळकडली. नाव भागरता. रोवणा झाला, निंदण झालं, तरी काकूला बरं नसायचं म्हणून ती थांबली. उंच, काळी, हात लांब. बोलली तर तोंडावर बोलायची. आमच्या आणि त्यांच्या सांदवाडीच्या मध्ये काट्यांचा कुड होता, त्याला एक भगदाड होतं. त्यातून वाट्या जायच्या, कोंबड्या जायच्या, आणि भागरता शेणाची टोपली घेऊन आमच्याकडलं शेण गोळा करायला यायची. मी तिच्याशी बोलायला घाबरायचो. दामा घाबरायचा नाही. दामा माझा सोबती. गुरांमागं आम्ही दोघं असायचो.

पोळ्याला आठ दिवस राहिले होते. आखरावर तरोटा कमरेएवढा, फुलावर आलेला, एखादी कोवळी शेंग धरलेली. आम्ही पळसाखाली बसलो होतो आणि मी कबऱ्याची तारीफ करत होतो.

दामा म्हणाला, "सगळं खाते म्हंतं तुझा बैल. तरोटा खाते का बे?"

"माझ्या हातचं असन तं खाईन."

"खाईन?"

"खाईन."

"लाव मंग पैज. नाही खाल्ला तं पोळ्याच्या दिवशी तू तरोट्याची माळ घालून साऱ्या गावापुढं बैलाइच्या रांगेत उभा राहाजो. मुंग्याच्या बाजूले."

"अन् खाल्ला तं तुमच्या घरची घुंगरमाळ माझ्या कबऱ्याच्या गळ्यात."

ती पितळी घुंगरमाळ गावात एकच होती. दामाच्या आजोबानं आणलेली. ती वाजली की बाया अंगणातून मान वर करून पाहायच्या. आणि त्या साली कोणाच्या अंगणातून कोण पाहील, ते माझ्या मनात होतं. खोटं कशाला लिहू.

दामानं अट घातली. एक घास म्हणजे खाणं नाही, टोपलंभर खाल्लं पाहिजे. पहिल्या दिवशी मी मूठभर तरोटा कबऱ्यापुढं धरला. त्यानं असा फुरका मारला की पानं माझ्या तोंडावर आली. दुसऱ्या दिवशी बारीक चिरला, धानाच्या कोंड्यात कालवला, मीठ घातलं. त्यानं जिभेनं कोंडा वेचून खाल्ला आणि पानं गव्हाणीत तशीच ठेवली. दामा पोट धरून हसला. तिसऱ्या दिवशी मी जे केलं ते लिहायला अजूनही बरं वाटत नाही. गुरं चरायला नेली आणि कबऱ्याला एकट्याला मोहाच्या झाडाला बांधून ठेवलं, तोंडाला मुस्कं घालून. बाकीची गुरं त्याच्या डोळ्यापुढं दिवसभर चरली. तो ओढ काढायचा, मग माझ्याकडे पाहायचा, मग उभा राहायचा. पाणीही दिलं नाही. सांजेला घरी आणला आणि चिरलेला तरोटा, कोंडा, मीठ, वरून घरातला गूळ कालवून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं हुंगलं. मान मागं घेतली. मी म्हटलं, "खा रे, मीच देऊन राहिलो." मग तो खायला लागला. चव पाहून नाही खाल्लं त्यानं. माझा हात पाहून खाल्लं.

नेमका त्या दिवशी दामा आला नाही. भागरता आली, शेणाची टोपली घेऊन.

"काय चारून राहिला त्याले?"

"औषध होय."

तिनं गव्हाणीत हात घातला, पान बोटात चोळलं आणि नाकाला लावलं. "हे तं तरोटा होय."

"औषधाचा तरोटा होय."

"असं? मंग तू बी खा न एक घास. तब्येत बनंन."

माझं खोटं तिच्यापुढं कधी टिकलं नाही, तेव्हापासून नाही. तिच्या शेवटच्या आजारात मी तिला म्हटलं होतं, डॉक्टर म्हणते तू दिवाळीपर्यंत चालायला लागशील. डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, "हे जाऊन कबऱ्याले सांगा." कबऱ्या मरून तेव्हा जमाना झाला होता.

दामानं पाहिलं नाही म्हणून पैज पुरी झाली नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा मुस्कं, पुन्हा उपास, पुन्हा टोपलंभर. दामानं कोठ्याच्या दारात उभं राहून डोळ्यांनी पाहिलं आणि मान खाली घालून घुंगरमाळ कबूल केली. त्या सांजेला मी जेवायला बसलो तो राजासारखा.

दोन दिवसांनी सकाळी घाटी वाजली नाही. मी कोठ्यात गेलो तर कबऱ्या बसलेला, मान लांब टाकलेली, मागून पाण्यासारखं शेण गळत होतं. बा त्याच्या पाठीवर हात ठेवून उकिडवा बसला होता. "उठत नाही," एवढंच म्हणाला. दुपारपर्यंत डोळे आत गेले. त्या पंधरवड्यात नदीकाठच्या एका गावात ढोरांना लाग, म्हणजे साथीचा रोग, लागल्याचं ऐकू आलं होतं, दोन-तीन बैल मेले म्हणत होते. त्यामुळं कोणी दुसरा विचारच केला नाही. सांदवाडीत चार म्हातारे जमले. आमची गुरं आखरावर आणायची नाहीत. गावाच्या कोणत्याच बैलाचं तोंड दुसऱ्याला लागायला नको म्हणून यंदा पोळा भरवायचा नाही. आणि कबऱ्याला डाग द्यायचा. डाग म्हणजे लोखंडाची विळी लाल करून पोटावर, बरगडीवर ओढायची. आता डॉक्टर मोटारसायकलवर येतो, सुई टोचतो. तेव्हा डाग हाच दवाखाना. काही ढोरं वाचायची. एवढं पाणी गळून गेलेलं जनावर डागातून उठलेलं मी पाहिलं नव्हतं.

बा चार माणसांपुढं कधी हात न जोडणारा. त्या दिवशी त्यानं हात जोडले. म्हणाला, "माझ्यापायी गावचा पोळा बुडून राहिला, माफ करा." मी कोठ्याच्या मागं उभा राहून ते ऐकलं.

कवडू म्हाताऱ्याला बोलावणं गेलं. तो गुरांना डाग देणारा, हात थरथरायचे पण डाग देताना नाही. अंगणात गोवऱ्या पेटवल्या, विळी त्यात खुपसली. भागरता भगदाडातून पेजेचं गंज, म्हणजे पातेलं, घेऊन आली, बैलाला पाजायला म्हणून. माझ्याजवळ थांबली.

"सांगतलं का?"

"नाही."

"काहून?"

"बा मारन."

"मारू दे न. तू दोन दिवसात उठून उभा राहाशीन. बैल राहीन का?"

"तू नको सांगजो."

"मी कायले सांगू? मी पाहुनी हाय. तोंड तुले देल्लं हाय देवानं."

आणि गंज ठेवून ती कुडाला टेकून उभी राहिली. गेली नाही. नुसती पाहत राहिली, आधी विळीकडे, मग माझ्याकडे.

चौघांनी कबऱ्याला ओढत अंगणात आणला. दोघं मानेवर बसले, एकानं शेपूट धरली. कवडूनं धोतराचा सोगा हाताला गुंडाळून विळी उचलली. टोक लाल झालं होतं. तेवढ्यात कबऱ्यानं मान थोडी वळवली आणि मी दिसल्यावर जीभ बाहेर काढली. सकाळपासूनचा उपाशी, आणि मी काही खायला आणलं का ते पाहत होता.

मी म्हटलं, "लाग नाही होय, बा. म्या त्याले तरोटा चारला."

सगळे थांबले. मग कवडू हसला. "तरोटा? अरे पोट्ट्या, ढोराइत केस पांढरे झाले माझे. तरोटा खाल्लेलं ढोर म्या पाह्यलं नाही अजून."

"खाल्ला जी. दोन टोपले."

"बैल वाचवाले बोलून राहिला," बा म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "सरक बेटा. मले बी पाहवत नाही. पन सरक."

जन्मात पहिल्यांदा मी सगळ्या गावापुढं खरं बोललो होतो आणि एकाही माणसाला ते पटलं नाही. कारण तरोटा कोणतंच जनावर खात नाही, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. मी म्हटलं, "दामाले विचारा. त्यानं पाह्यलं." दामा गर्दीत होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या बापानंही पाहिलं. दामा म्हणाला, "म्या नाही पाह्यलं काही."

कवडू खाली वाकला. तेव्हा कुडाजवळून आवाज आला. "खाल्ला जी. म्या पाह्यला."

सीताराम काका एकदम उसळला. "भागरते! घरात जाय! मानसाइच्या मधात कायले बोलतं वं?"

ती घरात गेली नाही. माणसांच्या मधून सरळ चालत आमच्या कोठ्यात गेली, गव्हाणीच्या तळाशी हात घातला आणि चिकट काळपट असा एक लगदा घेऊन आली. तो तिनं कवडूच्या मोकळ्या हातावर ठेवला. कवडूनं नाकाला लावला. मग जिभेचं टोक लावलं आणि थुंकला.

"तरोटाच होय," तो म्हणाला. "गूळ हाय याच्यात. मीठ हाय." मग माझ्याकडे पाहून, हळू, "तरी खाल्ला नसता त्यानं. उपाशी ठेवला होता का?"

"हो."

"दिवसभर?"

"दोन दिवस."

माय सपरीतून म्हणाली, "अन् गूळ कमी झाला म्हून मी मुंगळ्याइले शिव्या देऊन राहिली होती!" एक-दोघांना हसू आलं, त्यांनी ते दाबलं. कवडूनं विळी बादलीत बुडवली. चर्रर्र असा आवाज झाला आणि पांढरी वाफ निघाली. तो आवाज माझ्या कानात आहे. गाण्याबजावण्याचे पुष्कळ आवाज मी ऐकले, त्याच्यासारखा गोड एकही नाही.

"शेंगा पिकल्या असत्या तं हा उठला नसता," कवडू म्हणाला. "अजून कोवळ्या हाय. पेज पाजा, ताक पाजा, वाळल्या बेलाचा गर उकळून द्या. लाग नाही, काही नाही. पोळा भरवा आपला." आणि माझ्याजवळून जाताना डोक्यात एक टपली मारली. "तूनं खाऊ घातला, तूनंच चव पाहाले पाह्यजे होती बे."

बानं मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाला, "तुझ्यानं बसला, तूच उठव." मी बेलाचा गर कालवलेल्या पेजेचं गंज घेऊन कबऱ्याजवळ गेलो. त्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या बाजूनं गेलो, तिकडून फिरवलं. पाणी धरलं, दात आवळून धरले. मघाशी ज्यानं जीभ बाहेर काढली तो हाच, असं वाटेना. आता गंजातून बेलाचा कडसर वास येत होता आणि देणारा मी होतो. एवढं त्याला पुरे होतं. भागरतानं माझ्या हातातून गंज ओढून घेतलं, त्याची मान मांडीवर घेतली आणि ओंजळीनं पाजलं. तो प्यायला.

"बैलाले अक्कल हाय," ती म्हणाली. "तुझ्यापक्षा जास्त."

तीन दिवस असंच चाललं. बेल मी फोडायचो, गर मी उकळायचो, शेण मी काढायचो, माश्या मी वारायचो, आणि पाजायला ती यायची. सीताराम काका पहिल्या दिवशी रागावला होता, दुसऱ्या दिवशी कुडावरून "पेला का?" विचारू लागला. तिसऱ्या दिवशी स्वतःच ताक घेऊन आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी कबऱ्यानं पुढचे पाय टेकले, थरथरला, आणि उभा राहिला. माय रडली. भागरता हसली. मी कोठ्याच्या खांबाला धरून उभा होतो, मला दोन्ही येत होतं.

त्या सांजेला आमच्याकडे बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळून आवतन देतात. पळसाचं पान खांद्याला लावून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. दरवर्षी कबऱ्याला आवतन मी द्यायचो. त्या साली बानं पान माझ्या हातातून घेतलं. "तुझ्या आवतनाचा भरोसा नाही त्याले," म्हणाला आणि स्वतः दिलं. पोळा भरला. घुंगरमाळ दामाच्याच बैलाच्या गळ्यात होती आणि छान वाजत होती. कबऱ्या घरीच राहिला, अंगणात, झूल पांघरून, पुरणाच्या पोळीचा अर्धा तुकडा भागरताच्या हातून खाऊन. दामा पुढं कितीतरी वर्षं माझा सोबती होता. त्याला मी माफ केलं, पण म्हातारपणापर्यंत तो कबूल करत नव्हता की त्यानं पाहिलं होतं.

कबऱ्या कामाला लागला, पण माझ्या हातचं खाईना. मायनं गव्हाणीत तणीस, धानाचा पेंढा, टाकली तर खायचा. मी टाकली तर मी कोठ्याबाहेर जाईपर्यंत तोंड लावायचा नाही. धान कापलं, चुरलं, घरात आलं. भागरता तिच्या गावी निघून गेली. तरी त्याचं तेच. बा म्हणायचा, "राहू दे, इसरंन." मला माहीत होतं विसरणार नाही. मीही विसरलो नव्हतो.

थंडीच्या शेवटी भागरताचा बाप आला. सीताराम काकानंच जुळवून आणलं होतं. काकूला पुन्हा बरं नव्हतं म्हणून भागरताही सोबत आली होती, दाराआड बसलेली. सपरीत चहा झाला. तिच्या बापानं माझ्या बाला विचारलं, पोराला काय येतं, नांगर धरतो का, दारू-सट्टा नाही ना. बा प्रामाणिक माणूस, बैलाची गोष्ट त्यानं स्वतःहून काढली. तिच्या बापानं चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, संपलं.

काका म्हणाला, "तिलेच इचारा न. तिनं सारं डोळ्यानं पाह्यलं."

मुलीला विचारायची तेव्हा रीत नव्हती. पण तिचा बापही तिच्यासारखाच होता. दाराकडे तोंड करून म्हणाला, "काय वं, कसा हाय पोट्टा?"

दाराआडून लगेच उत्तर आलं. "खोटं बोलते. पन पचत नाही त्याले."

सपरीत असं हसू फुटलं की कोंबड्या कुडावर चढल्या. माय पदर तोंडाला लावून म्हणाली, "बैलाचं बी पाहा जी. तो पोट्ट्याच्या हातचं खात नाही. सून आनाच लागते आम्हाले."

लग्न झालं. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी, अजून हळद उतरली नव्हती, मी धुऱ्यावरून हिरव्या गवताची पेंढी आणली. कोठ्यात ती गव्हाण झाडत होती. मी मूठभर गवत घेऊन कबऱ्यापुढं हात लांब केला. किती दिवसांत केला नव्हता. त्यानं हाताकडे पाहिलं, नाक फुरफुरवलं आणि मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

ती झाडता झाडता म्हणाली, "खा गा. आता काही नाही करत तो."

मग त्यानं खाल्लं.